कोंबडा तिसऱ्यांदा आरवेपर्यंत

वाचकांचे प्रश्न : कोरियन भयपट

या वेळी आलेल्या पत्रांतील बहुतेक पत्रे एकाच दिशेची असल्याने हा अंक कोरियन भयपटांसाठीच राखून ठेवला आहे. मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. घरातली मंडळी झोपल्यावर आवाज बारीक करून भयपट पाहणारा मी एक साधा प्रेक्षक आहे, तेव्हा पुढील मतांना तेवढेच वजन द्यावे.

प्रश्न : ‘द वेलिंग’ मी दोन वेळा पाहिला. डोंगरात राहणारा जपानी माणूस, पांढऱ्या वस्त्रांतील तरुणी आणि पैसे घेऊन विधी करणारा मांत्रिक, या तिघांत सैतान कोण आणि तारणारा कोण, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला फसवले आहे काय? (एक वाचक, मिरज)

उत्तर : होय, फसवले आहे आणि तेही आधी सांगून. ना होंग-जिन यांच्या या २०१६ च्या चित्रपटाच्या आरंभी बायबलमधील एक उतारा येतो आणि लगेच पुढच्या दृश्यात तो जपानी माणूस नदीकाठी बसून गळाला आमिष लावताना दिसतो. पुढे मांत्रिकही, आजारी लेकीसाठी त्याला बोलावणाऱ्या पोलिसाला हेच सांगतो की, त्या जपान्याने नुसता गळ टाकला होता, तुझ्या मुलीने तो गिळला. आपण प्रेक्षक म्हणून त्याच गळाला लागलेलो असतो, हे ध्यानात यायला मलाही दुसऱ्यांदा चित्रपट पाहावा लागला. (ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी हे उत्तर येथेच सोडून पुढच्या प्रश्नाकडे जावे. मागे एकदा मी शेवट उघड केल्याबद्दल रागावलेली पत्रे आली होती आणि ती रास्त होती.)

मधल्या भागातील तो मोठा विधी आठवून पाहा. एकीकडे अंगणात ढोल आणि झांजा वाजत आहेत, ह्वांग जंग-मिन यांचा मांत्रिक लाकडी खांबावर खिळे ठोकत आहे, घरात मुलगी वेदनेने तळमळत आहे. दुसरीकडे डोंगरातल्या झोपडीत तो जपानी माणूस आपला स्वतंत्र विधी करत आहे आणि मध्येच कोसळतो आहे. दृश्ये एकाआड एक येतात, म्हणून आपण मनाशी जुळणी करून टाकतो की इकडचा प्रत्येक घाव तिकडे बसत आहे. वास्तविक ही दोन माणसे त्या प्रसंगात एकदाही एकत्र दिसत नाहीत. जपान्याच्या समोर छायाचित्र आहे ते वेगळ्याच मृत माणसाचे, आणि इकडे खिळा बसला की विव्हळते ती मुलगी. युद्ध चालले आहे असे चित्रपट कोठेही म्हणत नाही. संकलनाच्या जोडणीवरून ते आपण ठरवलेले असते.

माझे मत विचाराल तर मांत्रिक आणि जपानी माणूस एकाच बाजूचे आहेत. मांत्रिक कपडे बदलत असताना क्षणभर त्याचे अंतर्वस्त्र दिसते. ते जपानी पद्धतीच्या लंगोटासारखे आहे आणि तसेच आपण आधी त्या डोंगरातल्या माणसाच्या अंगावर पाहिलेले असते. शेवटी त्याच्या गाडीतून खोक्यातली छायाचित्रे सांडतात, त्यानंतर शंकेला फारशी जागा उरत नाही. पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री त्या गावाची राखणदार असावी, असे मी मानतो. परंतु तिच्याही अंगावर मेलेल्यांच्या वस्तू आहेत आणि त्या तिच्याकडे कशा आल्या, याचा खुलासा दिग्दर्शकाने जाणूनबुजून केलेला नाही.

भीतीचे खरे ठिकाण मात्र याहून साधे आहे. क्वाक दो-वन यांनी रंगवलेला तो पोलीस खुनाची वर्दी आल्यावरही सासूबाईंच्या सांगण्यावरून आधी जेवतो आणि मग निघतो. असा हा सुस्त, भित्रा, पण लेकीवर जीव असलेला बाप पहाटेच्या गल्लीत उभा आहे. समोरची बाई सांगते, कोंबडा तिसऱ्यांदा आरवेपर्यंत घरात पाऊल टाकू नकोस. फोनवरून मांत्रिक सांगतो, तीच भूत आहे, तिच्या नादी लागू नकोस, ताबडतोब घरी जा. कोंबडा एकदा आरवतो, पुन्हा आरवतो. त्या वेळी आपल्याकडे त्या बापापेक्षा अधिक माहिती नसते, आणि मी तरी पहिल्या वेळी त्याच्याबरोबर घराकडेच निघालो होतो.

प्रश्न : ‘एक्झुमा’ची इतकी वाहवा ऐकून तो पाहिला. पहिला तास उत्तम, नंतर मात्र तो वेगळाच चित्रपट वाटू लागला. थडगी, माती, दिशा यांची एवढी चर्चा कोरियातील लोकांना का आवडावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या तक्रारीतील पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे, त्याविषयी शेवटी लिहितो. आधी मातीविषयी.

जांग जे-ह्युन यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियात प्रदर्शित झाला आणि सुमारे १ कोटी १९ लाख तिकिटे विकली गेली. त्या देशाची लोकसंख्या ५ कोटींच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. कथेच्या मुळाशी असलेली श्रद्धा तेथील घराघरांत ठाऊक आहे. पूर्वजाचे थडगे चांगल्या जागी, डोंगर आणि पाणी यांची दिशा पाहून बांधले तर वंशजांचे भले होते, जागा चुकली तर पिढ्यान् पिढ्या त्रास होतो. आणि त्रास झाला तर थडगे उकरून अवशेष दुसरीकडे हलवायचे किंवा त्यांचे दहन करायचे. आपल्याकडे पितृदोषाचे नाव काढताच घरातील वडीलधारी माणसे जशी गप्प होतात, तशीच ही गोष्ट आहे. चित्रपटात अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका श्रीमंत कोरियन कुटुंबाचे तान्हे बाळ रडायचे थांबत नाही, म्हणून सोलहून माणसे बोलावली जातात.

ही माणसे हीच या चित्रपटाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. जमिनीचा जाणकार, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा, एक तरुण मांत्रिक स्त्री आणि तिचा साहाय्यक, अशी चौघांची टोळी कामाचा मोबदला किती, वाटणी कशी, हे आधी बोलून घेते आणि मग फावडे हाती धरते. चोई मिन-सिक यांचा जाणकार थडग्याजवळची चिमूटभर माती जिभेवर ठेवतो, थुंकतो आणि त्याचा चेहरा उतरतो. सुताराने लाकूड ठोकून पाहावे तितक्या सहजपणे त्यांनी हे केले आहे. काम उरकल्यावर तो खड्ड्यात १०० वॉनचे नाणे टाकतो. भूमीचा वापर केला त्याचे हे दाम. त्या नाण्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी आरमाराला हरवणारे सेनानी यी सुन-शिन यांची मुद्रा आहे आणि चित्रपट पुढे जिकडे वळतो ते पाहता हे नाणे मला तरी योगायोगाचे वाटत नाही.

कारण उत्तरार्ध हा इतिहासाविषयी आहे. कोरियावर १९१० ते १९४५ या काळात जपानची सत्ता होती. जपान्यांनी डोंगरांत लोखंडी खुंट ठोकून देशाच्या भूमीचे तेज तोडले, अशी समजूत तेथे पुष्कळ वर्षे चालत आलेली आहे. हे खुंट बहुधा जमीनमोजणीचे होते, असे अभ्यासक म्हणतात, आणि ही शंका चित्रपटातील एक पात्रही बोलून दाखवते. पात्रांची नावे स्वातंत्र्यचळवळीतील व्यक्तींवरून घेतली आहेत. मोटारींच्या क्रमांकांत १९४५, ०८१५ आणि ०३०१ हे आकडे लपवले आहेत; पहिले दोन स्वातंत्र्याचे वर्ष आणि १५ ऑगस्ट ही तारीख सांगतात, तिसरा १ मार्च १९१९ च्या उठावाची तारीख आहे. होय, १५ ऑगस्ट त्यांचाही मुक्तिदिन आहे, आपल्या दोन वर्षे आधीचा. कोरियन प्रेक्षकाला हे आकडे दिसताच खुर्चीत सावरून बसावेसे वाटले असणार. आपल्याला ते समजावून घ्यावे लागतात आणि समजावून घेतलेली भीती अंगावर येत नाही.

मला उत्तरार्ध उणा वाटतो तो मात्र इतिहासामुळे नव्हे. पहिल्या तासात जे काही आहे ते काचेतल्या प्रतिबिंबात, फोनवरच्या आवाजात आहे. पुढे जमिनीतून जे वर येते त्याला उंची आहे, वजन आहे, पावले आहेत. ज्याची उंची मोजता येते त्याच्याशी लढता येते आणि लढाई सुरू झाली की भयपट संपून साहसपट सुरू होतो. तरीही पाच डुकरे मांडून, चेहऱ्याला राख फासून, हातात सुरे घेऊन नाचणाऱ्या किम गो-उन यांच्या त्या विधीसाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. एखाद्या जागराला आपण रात्रभर बसलेले असलो तर त्या तालाने अंगावर काटा का येतो, ते सांगावे लागत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मला रक्तपात सोसत नाही, पण नातीबरोबर एखादा कोरियन भयपट पाहण्याची इच्छा आहे. नात २३ वर्षांची आहे. एकच नाव सुचवावे. (एक वाचक, वाई)

उत्तर : ‘स्लीप’ पाहावा. जेसन यू यांचा हा पहिलाच चित्रपट २०२३ मध्ये कान महोत्सवातील समीक्षकांच्या विभागात दाखवला गेला. लांबी दीड तासाच्या थोडी वर आहे आणि जवळजवळ सगळे एका सदनिकेत घडते. गरोदर पत्नी रात्री जागी होते, तेव्हा शेजारी झोपलेला नवरा अंथरुणावर उठून बसलेला असतो आणि झोपेतच म्हणतो, “कोणीतरी आत आले आहे.” त्याला झोपेत चालण्याचा आजार आहे की घरात खरोखर कोणी शिरले आहे, एवढाच प्रश्न आहे. डॉक्टर औषध देतात, पत्नीची आई मांत्रिक बोलावते. भिंतीवर एक लाकडी फळी आहे, तिच्यावर कोरले आहे की दोघे सोबत असतील तर कोणत्याही अडचणीवर मात करता येते. वधूवरांना भेट देण्याजोगे हे वाक्य चित्रपटभर त्या दोघांकडे पाहत राहते.

तिसऱ्या भागात ती पत्नी आपले म्हणणे पटवून देण्यासाठी भिंतीवर तक्ते आणि आकृत्या दाखवत, कार्यालयातील बैठकीसारखे सादरीकरण करते. तो प्रसंग हसू आणणारा आहे आणि त्याच वेळी पोटात खड्डा पाडणारा आहे. तिचे सगळे मुद्दे सुसंगत आहेत, हीच पंचाईत आहे. नवऱ्याच्या भूमिकेत ली सुन-क्युन आहेत. ‘पॅरासाइट’मधील त्या श्रीमंत घराचे यजमान म्हणून आपण त्यांना पाहिले असेल. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. एक सूचना करून ठेवतो : घरात लहान कुत्रे असेल आणि त्यावर आपला जीव असेल, तर पहिला भाग जड जाईल.

प्रश्न : ‘ट्रेन टू बुसान’ माझ्या १२ वर्षांच्या मुलाला दाखवावा काय? त्याच्या वर्गातील सर्वांनी पाहिला आहे, असे तो म्हणतो. (एक वाचक, पनवेल)

उत्तर : वर्गातील सर्वांनी काहीही पाहिलेले नसते, हे आपणही जाणता. आधी आपण एकट्याने पाहावा. योन सांग-हो यांच्या या २०१६ च्या चित्रपटात रक्तापेक्षा धावपळ अधिक आहे आणि झाँबींना, म्हणजे माणसांवर तुटून पडणाऱ्या चालत्या प्रेतांना, अंधारात दिसत नाही, म्हणून गाडी बोगद्यात शिरली की माणसांना पुढच्या डब्याकडे सरकता येते, ही कल्पना मुलांना फारच आवडते. मात्र मुलाला त्रास होईल तो झाँबींमुळे होणार नाही. आपल्या डब्यात दुसऱ्यांना घेऊ नये म्हणून धडधाकट माणसे दाराला कपडे बांधून ठेवतात, तो प्रसंग आणि त्यानंतर बाप-लेकीचा प्रसंग त्याला जड जातील. तेव्हा शेजारी बसावे. बुसानच का, असे त्याने विचारले तर १९५० च्या युद्धात संपूर्ण दक्षिण कोरिया मागे रेटला गेला असताना बुसानभोवतीचा मुलूखच तेवढा शिल्लक राहिला होता, हे सांगता येईल. पुढचा भाग, २०२० चा ‘पेनिन्सुला’, वगळला तरी चालेल. त्यात संगणकावर बनवलेल्या मोटारी एकमेकींवर आदळत राहतात.

प्रश्न : ‘गोंजियाम’ खरोखरच त्या बंद पडलेल्या रुग्णालयात चित्रित केला आहे काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. ग्योंगी प्रांतातील ते मनोरुग्णालय १९९६ पासून बंद होते, चित्रीकरण मात्र बुसानमधील एका जुन्या नाविक विद्यालयाच्या इमारतीत झाले. जागेच्या मालकाने २०१८ मध्ये प्रदर्शन थांबवावे म्हणून न्यायालयात धाव घेतली होती, तेथे त्याची मागणी फेटाळली गेली आणि त्याच वर्षी ती मूळ इमारतही पाडण्यात आली. कलाकारांच्या अंगावर बांधलेल्या कॅमेऱ्यांनी पुष्कळसा भाग टिपला आहे, त्यामुळे घाबरणारा चेहरा वीतभर अंतरावरून दिसतो. पहिली चाळीस मिनिटे सहन करावी लागतात. त्यानंतरची भरपाई पुरेपूर आहे.

प्रश्न : हिंदीत आवाज दिलेली आवृत्ती पाहावी की मूळ कोरियन, इंग्रजी अक्षरे वाचत? वाचण्याच्या नादात चेहरे निसटतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : चेहरे निसटतात हे खरे आहे, तरीही मूळ आवाजच ऐकावा, असे मी आग्रहाने सांगेन. भयपटात श्वास, कुजबुज आणि गप्प राहणे यांवर अर्धे काम चालते आणि स्टुडिओत बसून दिलेल्या आवाजात खोलीचा आकार येत नाही.

आपल्यासारख्या प्रेक्षकाला आणखी एक फायदा आहे. कोरियन माणसे एकमेकांना नावाने क्वचितच हाक मारतात. ताई, दादा, काका, आजी यांच्या जोडीची संबोधने तेथे परक्यालाही लावली जातात आणि वय व मान यांनुसार क्रियापदाचे रूपही बदलते. इंग्रजीत उतरताना यातील बहुतेक संबोधने गळून त्या जागी नुसते नाव येते. आपण मात्र ‘अज्जुशी’ म्हणजे अनोळखी काका, ‘उन्नी’ म्हणजे मुलीची मोठी बहीण, ‘ओप्पा’ म्हणजे तिचा मोठा भाऊ, एवढी चार-दोन कानावर ठेवली तर एखादे पात्र आदराने बोलत असताना अचानक अरेतुरेवर कधी आले ते चटकन कळते. अंगात आलेल्या माणसाची पहिली खूण पुष्कळदा तीच असते. ‘द वेलिंग’मधील लहान मुलगी बापावर ओरडून विचारते, “महत्त्वाचे काय आहे?” ते वाक्य नैऋत्येकडील जोल्ला प्रांताच्या ठसकेबाज बोलीत आहे आणि त्या वर्षी संपूर्ण देशाच्या तोंडी बसले. आमच्याकडे एखादे पोर मध्येच अस्सल मालवणीत वडिलांना फैलावर घेऊ लागले तर कसे वाटेल, तसे ते ऐकावे.

प्रश्न : कोरियन भूत म्हणजे पांढरे कपडे आणि मोकळे केस असलेली तरुणीच का? आपली हडळ आणि ती यांत काय फरक आहे? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : वेशामागे साधी कारणे आहेत. कोरियातील जुन्या जोसन राजवटीच्या काळात अविवाहित मुलगी एक वेणी घालत असे आणि लग्नानंतर केसांचा अंबाडा बांधत असे. मोकळे सुटलेले केस म्हणजे वेणीही नाही आणि अंबाडाही नाही. पांढरे वस्त्र हे सुतकाचे. लग्नाआधी मेलेल्या मुलीला पुढे तिचे विधी करणारे कोणी नाही, म्हणून ती भटकत राहते, ही समजूत आपल्याला परकी वाटू नये. आपला मुंजाही अपुऱ्या संस्कारांमुळेच पिंपळावर अडकलेला असतो.

फरक आहे तो तिच्या येण्याच्या हेतूत. आपली हडळ वाटसरूला धरते. कोरियन लोककथेतील मुलगी बहुधा तक्रार घेऊन येते आणि तीही रीतसर, सरकारी अधिकाऱ्याकडे. जांगह्वा आणि होंग्र्योन या दोन बहिणींची कथा तेथे सर्वतोमुखी आहे. एकीच्या नावाचा अर्थ गुलाब आणि दुसरीच्या नावाचा अर्थ तांबडे कमळ. सावत्र आई थोरलीच्या अंथरुणात सोललेला उंदीर ठेवते आणि हिचा गर्भपात झाला असा बोभाटा करते. थोरलीला तळ्यात ढकलून मारले जाते, धाकटी तिच्यामागे जाते. मग त्या गावी नेमणूक होणारा प्रत्येक अधिकारी पहिल्याच रात्री मरतो. त्यांना कोणी मारलेले नसते. मुली नुसत्या गाऱ्हाणे सांगायला येतात आणि ते घाबरून प्राण सोडतात. शेवटी एक जण धीराने जागा राहून सगळे ऐकून घेतो, चौकशी लावतो आणि पुराव्यासाठी गर्भ म्हणून दाखवलेला तो वाळलेला गोळा चिरून पाहतो, तेव्हा खरा प्रकार उघडकीस येतो. भुताचा खटला चालवून निकाल देणारी लोककथा मला इतरत्र क्वचितच भेटली आहे.

याच कथेवरून किम जी-वून यांनी २००३ मध्ये ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ केला आणि माझ्या मते या सदरातील सर्व चित्रपटांत तो वरच्या पायरीवर आहे. तो आजच्या काळात, तळ्याकाठच्या एका घरात घडतो. दोन बहिणी, वडील आणि सावत्र आई एवढीच माणसे. भिंतींवरच्या फुलांच्या कागदाचे रंग इतके गडद आहेत की पुढे उभे राहिलेले माणूस त्यांत बुडाल्यासारखे वाटते. गाऱ्हाणे आहे, पण ऐकून घेणारा अधिकारी येथे नाही. वडील समोर बसून वर्तमानपत्रासारखे गप्प राहतात. स्वयंपाकघरातील ओट्याखालचा एक प्रसंग मी अजूनही दिवा लावून पाहतो. पहिल्यांदा पाहताना एवढेच करावे : जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले की कोण बोलत आहे आणि त्याला कोण उत्तर देत आहे, हे मोजत जावे. यापुढे एक शब्द लिहिला तरी रागावलेली पत्रे पुन्हा सुरू होतील.